बनाबाई पाटील, वय पंचेचाळीस

मे महिन्यात अनुजाच्या कॉम्प्युटरनं शोध लावला की कोल्हापूर जिल्ह्यात एक अशी बाई होऊन गेली, जिचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन अकरा वेळा झालं. सात वेळा डावी बाजू काढली, चार वेळा उजवी. राहायला एकाच वेळी अकरा गावांत. वय कायम पंचेचाळीस. नाव बनाबाई पाटील.

"काकू, हे बघा काय निघालंय," अनुजा म्हणाली.

श्यामलाबाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, पडद्याकडे बघितलं आणि चष्मा परत कपाळावर ठेवला. पाटलांच्यातल्या बायका दणकट असतात, एवढंच म्हणाल्या आणि चहा सांगायला गेल्या. चहा सांगायला बाहेर जावं लागत नाही, खिडकीतून हाक मारली तरी येतो, हे अनुजाला आठवड्याभरात कळलं होतं. पण तिनं तिकडे लक्ष दिलं नाही.

तिच्यापुढे वेगळीच रास होती. एका ट्रस्टच्या दवाखान्यानं पंधरा वर्षांचे केसपेपर स्कॅन करून कॉम्प्युटरात घातले होते आणि त्यातून बायका शोधायचं काम सव्वीस वर्षांच्या अनुजावर आलं होतं. ज्यांना हा आजार झाला, उपचार झाले आणि ज्या आज हयात आहेत, अशा सगळ्या. त्यांना वर्षातून एकदा फोन करून तपासणीला बोलवायचं. कारण बायका पहिली दोन वर्षं नेमानं येतात. मग भाताची लावण येते, मग लेकीचं बाळंतपण येतं, आणि मग बाई आधी विसरली की दवाखाना, ते कुणालाच सांगता येत नाही.

कॉम्प्युटर हुशार होता, पण नवखा. 'कॅन्सर नाही' या दोन शब्दांतला पहिला वाचून त्यानं चाळीस निरोगी बायका यादीत ओढल्या होत्या. एका फाईलमध्ये चुकून कुणाच्या तरी मुलाची पत्रिका स्कॅन झाली होती. त्यातली कर्क रास वाचून तो मुलगाही आत आला. अनुजा दिवसभर असल्या पाहुण्यांना बाहेर काढत बसायची. बनाबाई त्यातलीच एक, असं तिला वाटलं.

श्यामलाबाईंना तसं वाटलं नाही. कारण बनाबाई त्यांनीच केली होती.

एकतीस वर्षं त्या या दवाखान्यात. त्यातली अठ्ठावीस नोंदणीच्या खिडकीत, शेवटची तीन रेकॉर्ड रूममध्ये. माहेर शिवाजी पेठेतलं, त्यामुळे आवाज असा की फुटबॉलच्या मैदानावर पंचाला शिवी द्यावी आणि ती गल्लीत घरी ऐकू यावी. "पावणं, नाव सांगा, गाव सांगा, बाकीचं पुराण डॉक्टरला सांगा," असं म्हटलं की अख्खी रांग सरळ व्हायची. पण खिडकीशी येऊन एखादी बाई पदर गळ्याशी घट्ट धरून "छातीचं हाय" म्हणाली की हाच आवाज एकदम खाली यायचा. इतका, की मागच्या माणसाला वाटावं, आतली बाई झोपली.

असल्याच एका दिवशी, तेरा वर्षांपूर्वी, धोंडुबाई आली. दिलेली शाहूवाडीकडे, माहेर उचगाव. बरोबर धाकटा भाऊ बाळासो. श्यामलाबाईंनी नाव विचारलं तर बाई गप्प. भाऊ छताच्या पंख्याकडे बघायला लागला. शेवटी बाईनंच तोंड काचेच्या भोकाला लावलं. लेकीला रविवारी बघायला येणार होते. आईला असलं काही आहे हे पाहुण्यांच्या कानावर गेलं तर मांडलेलं पान तसंच राहणार. आणि बाहेरच्या रांगेत तिच्या गावचे दोघं जण बसले होते. एक गुडघ्याला, एक दाढेला.

"मग काय लिहू?"

"तुमीच सांगा की."

आता भर दुपारी, मागं साठ माणसं उभी असताना, कुठून आणायचं नाव? श्यामलाबाईंना आठवली त्यांच्या लहानपणी घरामागच्या गवळ्याची म्हैस. बनाबाई. ती कुणाचंच ऐकत नसे आणि धार काढायला बसलेल्या दोन माणसांना तिनं दवाखाना दाखवला होता. आडनाव पाटील लिहिलं, कारण पाटील नाहीत असं गाव नाही. वय विचारलं तर बाई म्हणाली, "लिवा की चाळीस-पंचेचाळीस."

मग जिन्याखाली तालीम झाली. श्यामलाबाईंनी हाक मारली, बनाबाई पाटील. बाई ढिम्म. परत मारली.

"उठा की आता."

"मलाच हाक मारली व्हय?"

चार वेळा बसवून उठवल्यावर धोंडुबाई हाकेला उठायला लागली. सहीसुद्धा गिरवून घेतली. आणि जाताना श्यामलाबाईंनी शब्द दिला, "तुमचं नाव इथनं कधी बाहेर पडणार न्हाई. दवाखान्यातनं फोन जाणार न्हाई. कधी गेलाच, तर तो बनाबाईला जाईल."

रविवारी लेकीचं ठरलं.

बायकांना एकमेकींच्या गोष्टी कशा कळतात हे अजून कुठल्या कॉम्प्युटरला कळलेलं नाही. सहा महिन्यांनी एक बाई खिडकीशी आली आणि नाव सांगायच्या जागी म्हणाली, "मला बी बनाबाई करा." मग आणखी एक. पाच वर्षांत अकरा झाल्या. प्रत्येकीची घरी लपवायची कारणं वेगळी, वय मात्र सगळ्यांचं पंचेचाळीस, कारण श्यामलाबाईंना तेवढंच पाठ होतं. फाईलचे नंबर वेगळे होते आणि डॉक्टर नंबरावर चालत, त्यामुळे औषधाची गफलत कधी झाली नाही. पुढे प्रत्येकीकडे ओळखपत्र मागायला लागले आणि बनाबाईची पैदास थांबली.

अकरांतली एक तिसऱ्या वर्षी गेली. तिच्या फाईलवर श्यामलाबाईंनी स्वतःच्या हातानं 'मयत' लिहिलं आणि त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

आता तेरा वर्षांनी अनुजा खुशीत येऊन सांगत होती की बनाबाईचा प्रश्न सुटला. नाव एक, आडनाव एक, लिंग एक. खेड्यातल्या बायका वय अंदाजे सांगतात म्हणून वयात पाच-सहा वर्षांची मोकळीक तिनंच ठेवली होती. तेव्हा कॉम्प्युटरनं अकरा फायली एका बाईच्या धरल्या. आणि त्यातल्या एकीवर मयत लिहिलेलं, म्हणून अख्ख्या बाईलाच यादीतून काढलं. यादी स्वच्छ. शनिवारी कागदाच्या जुन्या फायली कापणीच्या मशीनला द्यायच्या, की काम संपलं.

त्या दिवशी मंगळवार होता.

श्यामलाबाईंनी रेकॉर्ड रूमचं दार लोटून घेतलं. "अनुजा, खाली बस," म्हणाल्या. "त्यातल्या धा जित्या हायत."

पुढचा अर्धा तास ऐकून घेताना अनुजाच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, मग ते गेलं, मग परत आलं आणि शेवटी ती चिडली.

"काकू, तुम्ही अकरा बायकांची एक बाई केली."

"मी अकरा लपवल्या. एक तुज्या डब्यानं केली. आणि वर मारून टाकली."

भांडण दोन्ही बाजूंनी बरोबर असल्यामुळे लांबलं. मग दोघी डॉक्टर सौमित्रांकडे गेल्या. हे विभागाचे प्रमुख. श्यामलाबाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान, त्यामुळे त्यांना रागावताना उभे राहत. त्यांनी उभं राहून सगळं ऐकलं आणि खोट्या नावाबद्दल जे बोलायचं ते बोलले. श्यामलाबाईंनी मान खाली घालून घेतलं. आठ महिन्यांवर निवृत्ती होती, आणि हे कागदावर आलं तर काय होईल ते त्यांना सांगावं लागत नव्हतं. पण डॉक्टर शेवटी जे म्हणाले ते त्यांच्या डोक्यात नव्हतं.

"बाई, नुसत्या त्या दहा जणींचा प्रश्न नाही. आईला झाला असेल तर लेकीनं लवकर तपासायला लागायचं असतं. त्या लेकींना माहीत आहे का?"

श्यामलाबाईंनी कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाल्या, फोन मीच करणार. आणि दवाखान्याचं नाव काढणार नाही. मी शब्द दिलाय.

फोन कुणाला करायचा, हाही प्रश्नच होता. स्कॅन केलेल्या पानावर पत्ता म्हणून नुसतं गाव होतं. पण श्यामलाबाई फडताळात शिरल्या आणि धुळीनं माखलेल्या मूळ फायली घेऊन बाहेर आल्या. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर, उजव्या कोपऱ्यात, बारीक पेन्सिलीनं लिहिलेलं होतं माहेर, भावाचं नाव आणि त्याचा मोबाईल. सासरचा नंबर कुणीच देत नसे. स्कॅनरला ती पेन्सिल दिसलीच नव्हती. शनिवारी ती कापली जाणार होती.

बुधवार-गुरुवारी दोघींनी दहा भावांना फोन केले. निरोप एकच, बनाबाईंना सांगा, आठवण काढलीय. एका भावानं इथं कोण बनाबाई न्हाय म्हणून फोन ठेवला आणि दहा मिनिटांनी परत केला. "आमची ताई म्हणती, बनाबाई येतोय म्हणून सांग," म्हणाला, आणि हे काय प्रकरण आहे ते विचारायचं धाडस त्याला झालं नाही. दोन नंबर बंद होते. एक बनाबाई लेकाकडे पुण्याला गेली होती, ती फोनवरच रडली आणि मग हसली. गुरुवारी चारपर्यंत सात सापडल्या. राहिला उचगावचा बाळासो.

"हॅलो, बाळासोंचा नंबर ना? बनाबाईंना निरोप द्यायचा होता."

"कोण बनाबाई?" पलीकडे बाई होती. "मी राजाक्का बोलतोय, त्यांची बायकू. आमच्या मालकांच्या फोनवर कोण ही बनाबाई? वय काय तिचं?"

"पंचेचाळीस," श्यामलाबाईंच्या तोंडून सवयीनं गेलं.

अनुजानं कपाळाला हात लावला.

"असं व्हय," राजाक्का म्हणाली. "येऊ द्या त्यास्नी घरी. आज बघतोच."

आता बघा, खरं सांगावं तर नणंदेचं तेरा वर्षांचं गुपित भावजयीच्या हातात. न सांगावं तर बाळासोचा संसार रस्त्यावर. बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच, की बहिणीचा शब्द त्यानं बायकोपासूनसुद्धा राखला. श्यामलाबाईंनी डोळे मिटले आणि जे सुचलं ते बोलून टाकलं.

"अवो, म्हस हाय ती!"

"म्हशीचं वय पंचेचाळीस?"

"महिनं. पहिल्या वेताची हाय."

आता पलीकडे हिशोब सुरू झाला.

"मुऱ्हा का पंढरपुरी?"

"मुऱ्हा."

"दूध?"

श्यामलाबाईंनी सकाळचं सात लिटर सांगितलं आणि वर कोरडी शपथही घेतली. मग जरा दम खाऊन पुढचं पाऊल टाकलं. म्हैस अशी कुणालाही दाखवायची नाही. शाहूवाडीकडे दिलेली तुमची नणंद आहे ना, धोंडुबाई, त्यांना जनावरातलं कळतं असं बाळासो म्हणत होते. त्यांनाच आणा. त्यांना एवढंच सांगा, बनाबाई बघायला बोलावलंय. उद्या अकरा वाजता, दवाखान्याच्या मागच्या गेटला.

"दवाखान्यामागं म्हस?"

"डाक्टरांची हाय."

फोन ठेवल्यावर अनुजा इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. डॉक्टर सौमित्रांना आपण म्हैस पाळल्याचं त्याच संध्याकाळी कळलं. त्यांनी फक्त नाव विचारलं.

शुक्रवारी अकराला मागच्या गेटला दोन बायका उतरल्या. पुढे राजाक्का, खांद्यावर नवंकोरं दावं. म्हैस पसंत पडली तर चालवत न्यायची तयारी. मागे धोंडुबाई, हिरव्या काठाचं लुगडं, हातात पिशवी. पिशवीत भाकरी नव्हती. जुना, चौघडी घातलेला दवाखान्याचा कागद होता. निरोप ऐकल्या ऐकल्याच तिनं तो ट्रंकेच्या तळातून काढला होता.

ती श्यामलाबाईंकडे बघत राहिली. "क्यास पांढरं झालं की तुमचं," म्हणाली.

राजाक्कानं एकीकडे बघितलं, मग दुसरीकडे. "तुमी वळखताय व्हय एकमेकीस्नी?"

श्यामलाबाई तोंड उघडून बसल्या होत्या. पुढची थाप तयार होती, मागं एकदा जनावरांच्या बाजारात वगैरे. पण धोंडुबाईंनी हात वर केला.

"ऱ्हाऊ द्या, बाई. वैनी, म्हस न्हाई हितं. बनाबाई मीच हाय."

आणि गेटाशेजारच्या कट्ट्यावर बसून तिनं सांगितलं. फार नाही, चार वाक्यांत. गाठ कुठं होती, काय काढलं, किती महिने औषध चाललं, आणि त्या वेळी मी देवाला गेले म्हणून घरी सांगितलं ते कुठल्या देवाला गेले होते.

राजाक्का उभीच. श्यामलाबाईंना वाटलं, आता ही रडेल किंवा गळ्यात पडेल. तिनं यातलं काहीच केलं नाही. तिला राग आला होता.

"त्या साली तुमी भात कापणीला आला न्हाईसा," ती म्हणाली. "मी म्हणलो, वन्सं आळशी झाल्या. वरीसभर बोललो न्हाई तुमच्याशी. एक डाव दारातनं परत लावलं तुमास्नी, पाणी बी इचारलं न्हाई. आणि त्यो तुमचा भाऊ समोर बसून सुपारी कातरत हुता. एक शबूद बोलला न्हाई!"

"मीच म्हणलो हुतो, बोलू नगो म्हणून."

"मग आता तुमी बी बोलू नगा जरा येळ."

त्या जराशा वेळात तिनं दाव्याची नीट गुंडाळी केली, खांद्यावरून काढून कट्ट्यावर ठेवली, पिशवी धोंडुबाईंच्या हातातून घेतली आणि आत चालायला लागली. दारात वळून ओरडली, "चला की. का आता तपासायला बी म्हस यायला पायजे?"

आत नोंदणीच्या खिडकीत श्यामलाबाई त्या दिवसापुरत्या परत बसल्या. धोंडुबाईंना विचारलं, काय लिहू? बनाबाईच ठेवायची असेल तर ठेवता येईल. अनुजानं त्याची सोय केली होती. प्रत्येक बनाबाईला वेगळा नंबर, फोन बाईनंच दिलेल्या नंबरावर, आणि मयत जी होती तीच फक्त मयत. पुढे शनिवारी त्यांनी सगळ्या वेगळ्या केल्या, तेव्हा तिघींनी नाव बदलायला नको म्हणून सांगितलं. एक म्हणाली, ह्या नावानं मी जगले, ऱ्हाऊ द्या. त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. डॉक्टरांनी चौकशीचा कागद केला. श्यामलाबाईंनी त्यावर जे झालं ते सरळ लिहून दिलं, आणि त्याचं काय होईल ते अजून ठरायचं आहे.

पण धोंडुबाईंनी खरं नाव सांगितलं. नवऱ्याच्या नावासकट, गावासकट. त्यांच्या खांद्यावरून राजाक्कानं मान घातली.

"माझं बी लिवा. आलोयच तर बघून घेतो. आमच्यात न्हाई कुणाला, पर आमच्यात कोण सांगतंय?"

तपासणी झाली. डॉक्टरांनी धोंडुबाईंना सांगितलं, आत्ता तरी काळजीचं काही दिसत नाही, फोटो सोमवारी काढू. मग लेकीचं विचारलं. क्रांती, वय तेहतीस, दिलेली इचलकरंजीला, दोन मुलं. तिला ठाऊक आहे का?

"तिच्याचसाठी तर लपवलं," धोंडुबाई म्हणाल्या.

"लग्न होऊन किती वर्षं झाली?"

"बारा."

धोंडुबाई आपणच आकडा सांगून त्याच्याकडे बघत बसल्या होत्या. ज्या लग्नासाठी नाव लपवलं त्यातली थोरली नात पाचवीला गेली होती. लपायला कधी लागायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. लपणं कधी थांबवायचं, हे ठरवायचं कुणाला सुचलं नव्हतं. श्यामलाबाईंनाही नाही, आणि त्यांना ते त्या खोलीत फार लागलं.

बाहेरच्या बाकावर बसून धोंडुबाईंनी मोबाईल श्यामलाबाईंच्या पुढे केला. तुमीच सांगा, तुमास्नी नीट सांगता येतंय.

"नाव मी दिलं, ते मी सांगीन," श्यामलाबाई म्हणाल्या. "आजार तुमचा. लेक तुमची."

"ती वरडंल."

"वरडू दे. इथं मी हाय, वैनी हाईत. आमच्यापेक्षा मोठ्यांदा वरडंल काय?"

धोंडुबाईंनी नंबर लावला. आधी नातवंडांची शाळा झाली, मग जावयाची पाठ, मग यंदा लावणीला माणसं मिळतात का ते. राजाक्कानं दोनदा कोपर मारलं. तिसऱ्यांदा मारायला गेली तेवढ्यात धोंडुबाई म्हणाल्या, "क्रांते, जरा बाजूला बस. एकटीच बस. तुला एक सांगायचं ऱ्हायलंय."

आणि त्यांनी सांगितलं. या वेळी चार वाक्यांत नाही. फार वेळ लागला, मधे मधे थांबून, एकदा मागं जाऊन परत पहिल्यापासून. पलीकडून लेक काय बोलत होती ते या दोघींना ऐकू आलं नाही. पण ती ओरडत नव्हती. धोंडुबाई फोन कानाशी दाबून नुसती मान हलवत होत्या. फोनमध्ये मान हलवलेली दिसत नाही, हे त्यांना सांगावं असं कुणाला वाटलं नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी मोबाईलवर तळहात ठेवला आणि श्यामलाबाईंकडे वळल्या.

"सोमवारी किती वाजता आणू तिला?"

"साडेनऊला," श्यामलाबाई म्हणाल्या. "आणि खाऊन या. उपाशी यायचं कारण नाही."